ओढ्याचं पाणी खडकात: बोरिवलीतल्या एका पुनर्भरण बोअरच्या नोंदी

जागा: बोरिवली पूर्व, डोंगरउताराला लागून असलेली वसाहत. कडेने दहिसर नदीला मिळणारा ओढा वाहतो. वरचं पाणलोट जंगलातलं, म्हणून घेण्याजोगं पाणी इथेच. खाली वस्ती सुरू झाली की नदीत सांडपाणी आणि तबेल्यांचं शेण येतं. ते पाणी जमिनीत घालायचा विचारही करू नये.

काम: पावसाळ्यातलं ओढ्याचं पाणी गाळून बोअरमधून खडकात सोडायचं आणि उन्हाळ्यात तेच उपसून फ्लश आणि बागेला वापरायचं. पिण्यासाठी नाही.

१६ मे

बोअर पूर्ण. डीटीएच रिगने (हवेच्या दाबाने हातोडा मारत भोक पाडणारं यंत्र) ४२ मीटर. वरून खाली असं लागलं: १.८ मीटरपर्यंत भराव आणि तांबडी माती, ७ मीटरपर्यंत मुरूम, १३ पर्यंत काळा पत्थर (अखंड बेसॉल्ट), १३ ते १७ मांजऱ्या, म्हणजे बारीक पोकळ्यांचा बेसॉल्ट (इथे पहिलं पाणी), मग ६० सेंमी लाल गेरू, पुन्हा काळा पत्थर, २९ ते ३१ मध्ये भेग आणि दुसरं पाणी. त्याखाली कोरडं.

गेरूचा थर घातक. पाणी लागलं की तो फुगतो आणि ढासळतो, बोअरचं पाणी कायम लाल राहतं. म्हणून १९ मीटरपर्यंत १२५ मिमीचा पीव्हीसी पाइप टाकला. १३ ते १७ मध्ये चिरा पाडलेला, बाहेरून बारीक गोटे, गेरूसमोर अखंड. स्थिर पातळी (उपसा किंवा भरणा नसताना बोअरमधलं पाणी जिथे थांबतं ती) जमिनीपासून ९.४ मीटर खाली.

१९ मे

टँकरचं १०,००० लिटर पाणी ओतून चाचणी. बोअरमधली पातळी जमिनीखाली १ मीटरवर धरून ठेवली. पहिला अर्धा तास मिनिटाला ५२ लिटर घेतले, दोन तासांनी ३८ वर स्थिर. म्हणजे ८.४ मीटर दाबाला ३८ लिटर, मीटरमागे साधारण साडेचार. हा आकडा जपून ठेवायचा. पुढे बोअर तुंबतंय की नाही हे त्यावरूनच कळेल.

पहिल्या अर्ध्या तासाच्या आकड्यावर कुणी भाळू नये. बोअर आणि जवळच्या भेगा भरून निघेपर्यंत पाणी भराभर जातं. निदान दोन तास चाचणी न घेता 'आमचं बोअर मिनिटाला पन्नास लिटर पितं' असं सांगणाऱ्यांचं बोअर जुलैत अंगणात वाहतं.

२ जून

हौद आणि गाळणी बांधून झाली. क्रम असा: ओढ्याच्या तळातल्या गोट्यांखाली पुरलेला ६ मीटर लांबीचा चिरा पाडलेला १६० मिमी पाइप, तिथून ६ × २ × १.५ मीटरचा निवळण हौद, मग खडीचा कप्पा (२० मिमी, नंतर १० मिमी), शेवटी ४ × २ मीटरचा वाळूचा थर, ८० सेंमी जाड. हौदातली पाणीपातळी बोअरच्या तोंडापेक्षा ४ मीटर उंच. हा नैसर्गिक उतार म्हणजे फुकटचा पंप.

मिनिटाला ३० लिटर चालवलं तर हौदात पाणी १० तास थांबतं. तेवढ्यात ६ मायक्रॉनपर्यंतचा गाळ खाली बसतो. चिकणमातीचे कण २ मायक्रॉनच्या आतले. ते दीड मीटर खाली जायला चार दिवस घेतात, तेही पाणी अगदी निश्चल असेल तर. म्हणजे हौद कितीही मोठा केला तरी चिकणमाती वाळूलाच अडवावी लागणार.

५ जून

वाळू परत काढावी लागली. बाजारात मिळते ती क्रश सँड आणि तिच्यात दगडाची पूड भरपूर. पहिल्यांदा सोडलेलं पाणी ओढ्यापेक्षा गाळणीतून बाहेर येताना जास्त गढूळ होतं. कसोटी सोपी आहे: मूठभर वाळू काचेच्या बाटलीत घ्या, पाणी घालून हलवा, एक मिनिट ठेवा. वरचं पाणी दुधाळ राहिलं तर वाळू धुतलेली नाही. आपली पाचव्या धुण्यात पास झाली.

१४ जून

पाऊस लागला. पहिले दोन मोठे पाऊस जाऊ द्यायचे, व्हॉल्व्ह बंदच. ओढ्यात आठ महिन्यांचा पालापाचोळा, राख, प्राण्यांची विष्ठा, सगळं एकदम येतं.

२७ जून

ओढ्याच्या पाण्याचा गढूळपणा: पाऊस जोरात असताना ६४० एनटीयू, थांबल्यावर ३० तासांनी १८. नियम ठरला: २० च्या वर असेल तर पाणी घ्यायचंच नाही.

काहींना हे नुकसान वाटतं, कारण भरपूर पाणी नेमकं तेव्हाच असतं. हिशेब करून पाहा. एक एनटीयू म्हणजे ढोबळमानाने लिटरमागे एक मिलिग्रॅम गाळ. ६४० चं पाणी मिनिटाला ३० लिटरने एक दिवस सोडलं तर सुमारे २८ किलो गाळ. तेच गाळणीतून आलेलं १.५ एनटीयूचं पाणी आख्ख्या हंगामात ८०० घनमीटर सोडलं तरी सव्वा किलो. खडकातली भेग दोन-चार मिलिमीटरची असते. तिच्यात एकदा गेलेला गाळ बाहेर काढायची सोय नाही.

३ जुलै

आज पहिल्यांदा बोअरला पाणी जोडलं आणि दोन तासांत बंद केलं. केसिंगच्या बाहेरून पाणी उकळी फुटल्यासारखं वर आलं. ४ मीटरचा दाब आत ढकलतोय आणि केसिंग आणि मुरूम यांच्यामधली फट मोकळी. ड्रिलिंगवाल्यांनी तिथे माती लोटून वरून सिमेंटचा चौथरा केला होता. नुसत्या उपशाच्या बोअरला तेवढ्याने पाणी वर येत नाही, दाबाच्या बोअरला येतं.

दुरुस्ती: चौथरा फोडला, फटीत २५ मिमीचा पाइप ७ मीटरपर्यंत उतरवला आणि खालून वर सिमेंट आणि बेंटोनाइट (फुगणारी चिकणमाती) यांचं पातळ मिश्रण भरलं. वरून ओतलं असतं तर मध्येच हवा अडकून पोकळी राहिली असती. सात दिवस थांबायचं.

११ जुलै

फट बंद, तोंडाला झाकण आणि गेज. पाणी जातंय: मिनिटाला २३ लिटर. एकूण दाब ५.१ मीटर (वरचा ४, पातळी जमिनीखाली १.१), म्हणून मीटरमागे साडेचारच्या हिशेबात अगदी बरोबर बसतं.

१५ जुलै

जातंय खरं, पण राहत नाही. बोअरमधली स्थिर पातळी आता जमिनीखाली १.१ मीटर. ३० मीटर खाली उतारावर संरक्षक भिंत आहे. तिच्या पाणी काढून देणाऱ्या भोकांतून धार दुप्पट झाली. व्हॉल्व्ह बंद केला की सहा तासांत पूर्ववत. पुन्हा उघडला की पुन्हा धार. आपण ओढ्याचं पाणी गाळून, मोजून, नळातून नेऊन भिंतीतून परत ओढ्यात सोडतोय.

कारण उघड आहे. मुंबईत जुलैत जमीन काठोकाठ भरलेली असते. सप्टेंबर अखेरपर्यंत दोन मीटरहून जास्त पाऊस पडतो आणि बेसॉल्ट त्यातलं फार थोडं पोटात घेतो. भरलेल्या घागरीत आणखी ओतलं तर ते सांडणारच. पुनर्भरण बंद. मापं चालू ठेवायची.

२१ जुलै

काम थांबलंय तोवर मोठा हिशेब मांडून ठेवतो, कारण 'मुंबईचा पाणीप्रश्न जमिनीखाली सुटेल' असं दरवर्षी पाणीकपात आली की कुणीतरी म्हणतंच.

झिजलेल्या, मांजऱ्या किंवा भेगाळ बेसॉल्टमधून उपसता येणारं पाणी त्याच्या घनफळाच्या १ ते ३ टक्के, अखंड काळ्या पत्थरात अर्ध्या टक्क्याच्याही आत. २ टक्के धरू. एक हेक्टर जमिनीखाली पातळी ३ मीटरने चढवली तर ६०० घनमीटर पाणी. माणशी १३५ लिटरने ते बारा माणसांना वर्षभर पुरेल.

आता शहरभर. १०० चौरस किलोमीटर क्षेत्रात पातळी ३ मीटर चढवली, एक थेंब वाया गेला नाही असं मानलं, तर ६,००० दशलक्ष लिटर. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांतल्या सर्वांत लहान तुळशीची क्षमता ८,०४६ दशलक्ष लिटर आहे. सगळे तलाव मिळून १४,४७,३६३. शहराला रोज साधारण ३,९०० पुरवले जातात. म्हणजे एवढा उपद्व्याप करून दीड दिवसाचं पाणी.

हे तंत्र खोटं नाही, आपला खडक त्याला योग्य नाही. ॲमस्टरडॅमने १९५७ पासून ऱ्हाइन नदीचं पाणी किनाऱ्यावरच्या वाळूच्या टेकड्यांत मुरवून उपसायला सुरुवात केली. अमेरिकेत कॅन्ससमधलं विचिटा शहर लिटल अर्कान्सॉ नदीचं वाढीव पाणी शुद्ध करून इक्वस बेड्स नावाच्या वाळू-गोट्यांच्या थरात साठवतं. वाळूत उपसण्याजोगं पाणी २० टक्क्यांच्या घरात, आपल्या दहापट. शिवाय पाणी सगळीकडे सारखं पसरतं. बेसॉल्टमध्ये ते भेगेच्या वाटेने जिथे भेग नेईल तिथे जातं.

याच डोंगरात कान्हेरीच्या जवळजवळ प्रत्येक लेण्याबाहेर खडकात खोदलेलं पाण्याचं टाकं आहे, शिलालेखांत त्याला 'पोढी' म्हटलंय. खोदणाऱ्यांना खडक नीट कळला होता. खडक पाणी धरत नाही, पण खडकात केलेला खड्डा धरतो.

हिंदमाता आणि परळकडच्या भूमिगत टाक्या हा तिसराच प्रकार. त्या पूर रोखायला आहेत, भरती ओसरली की पाणी बाहेर सोडतात. त्यांची गणना इथे करू नये.

मग हे बोअर कशासाठी? वसाहतीचे टँकर कमी करण्यासाठी. इतकंच, पण तेवढ्यासाठीही खरा आकडा हवा: आत घातलेल्यातलं परत किती मिळतं. पुनर्भरणाच्या बहुतेक अहवालांत फक्त 'आत किती गेलं' लिहिलेलं असतं. ते वाचून काही कळत नाही.

१९ ऑगस्ट

ओढ्यावरचं व्ही-नॉच (प्रवाह मोजायची व्ही आकाराची खाच) तीन दिवस चुकीचं दाखवत होतं. सागाचं एक पान खाचेत आडवं बसलेलं. पातळी ८ सेंमीऐवजी ९. एक सेंटीमीटर म्हणजे किरकोळ वाटेल, पण ९० अंशांच्या खाचेत प्रवाह उंचीच्या अडीचाव्या घाताने वाढतो. म्हणून प्रवाह ३४ टक्के जास्त लिहिला गेला. खाचेच्या वर दीड मीटर अंतरावर कोंबडीजाळी लावली. रोज सकाळी झटकायची.

२४ सप्टेंबर

पाऊस ओसरतोय. स्थिर पातळी २.६ मीटर आणि उतरतेय. ओढा स्वच्छ, ६ एनटीयू. आता आत जागा आहे आणि ओढ्यात पाणीही आहे. आपल्याकडे पुनर्भरणाचा हंगाम हाच, ऑक्टोबर. लोक जूनमध्ये नारळ फोडतात.

वाहकता (पाण्यात विरघळलेले क्षार किती याची खूण) मोजून ठेवली: ओढ्याचं पाणी ११० मायक्रोसीमेन्स, खडकातलं मूळ पाणी ५४०. दोन्हींत इतका फरक आहे म्हणून उपसलेल्या पाण्यात आपलं किती हे नुसत्या मीटरवर कळेल. वेगळा रंग वा मीठ घालायची गरज नाही.

३ ऑक्टोबर

सुरू. पातळी ३.२, वरचा दाब ४, एकूण ७.२ मीटर. मिनिटाला ३२ लिटर. ओढ्यात ३३२ आहेत. निम्म्याहून जास्त कधीही घ्यायचं नाही, खाली ओढ्यात मासे आणि वर जंगल आहे.

८ ऑक्टोबर

सकाळी ३१, दुपारी ९. गाळ म्हणावा तर गाळणीतून १.४ एनटीयू येतंय. बोअरच्या तोंडाची तोटी उघडली तर आधी फुसकन हवा, मग पांढरं पाणी. ग्लासात धरलं. अर्ध्या मिनिटात ते खालून वर निवळत गेलं.

ही खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. खालून वर निवळलं तर हवा, वरून खाली निवळलं तर गाळ. बुडबुडे वर चढतात, गाळ खाली बसतो.

कारण: गाळणीच्या पुढच्या टाकीत पाणी कमी झालं होतं आणि निर्गम पाइपच्या तोंडावर भोवरा पडून हवा ओढली जात होती. बुडबुडे भेगेत जाऊन बसले की पाण्याची वाट बुचासारखी अडते. पाइपचं तोंड ४० सेंमी खाली घेतलं, तोंडाला कोपरा खालच्या दिशेने लावला, पातळी ठरावीक खुणेखाली गेली की बंद होणारा फ्लोट व्हॉल्व्ह बसवला आणि बोअरच्या माथ्यावर हवा सोडणारा व्हॉल्व्ह. रात्रभर बंद ठेवलं. सकाळी ३०.

१५ ऑक्टोबर

गाळणीतून प्रवाह कमी झाला. वाळूवरचं पाणी उतरवून पाहिलं: तपकिरी, सायीसारखा थर, चार मिलिमीटर. उन्हात तासभर राहू दिला तेव्हा कडा वर वळून पापडासारखे तुकडे सुटले. फावड्याने खरवडू नका, थर वाळूत मिसळतो. पत्र्याने अलगद उचलायचा, वाळू एक सेंटीमीटरच जावी. हा थर वाईट नव्हे, जंतू अडवण्याचं काम बरंचसं तोच करतो. म्हणून खरवडल्यानंतर पहिले दोन दिवस पाणी ओढ्यात परत सोडलं, बोअरमध्ये नाही.

दर आठवड्याला बोअरमधला दीड हॉर्सपॉवरचा सबमर्सिबल २० मिनिटं चालवून उलटा उपसा. पहिली तीन मिनिटं गढूळ, मग स्वच्छ. हे टाळलं तर पुनर्भरण बोअर दुसऱ्या वर्षी कोरड्या खड्ड्यासारखं होतं. शहरातल्या असंख्य सोसायट्यांची बोअर अशीच मेलेली आहेत, कारण त्यात पंपच नाही.

२७ ऑक्टोबर

बंद. मीटरवर ८१२ घनमीटर. शेवटच्या दिवशी दाबाच्या मानाने प्रवाह मीटरमागे ४.३ लिटर. मेमधल्या ४.५ शी ताडून पाहता बोअर तुंबलेलं नाही.

३० नोव्हेंबर

बोअरपासून १८ मीटर अंतरावरच्या जुन्या विहिरीत पातळी वरच्या बाजूच्या, १४० मीटर दूरच्या तुलनेच्या विहिरीपेक्षा ऑक्टोबर अखेर १.३ मीटर जास्त चढली होती. आज फरक ४० सेंमी. साठा उतारावरून निसटतोय.

२० डिसेंबर

वीस दिवस, रोज १६ घनमीटर उपसले, एकूण ३२०. पहिल्या दिवशी वाहकता २०५, म्हणजे ७८ टक्के आपलं पाणी. शेवटच्या दिवशी ४७०, म्हणजे १६ टक्के. सरासरी ३४६, त्यावरून ४५ टक्के. ३२० पैकी आपले १४४ घनमीटर. घातलेल्या ८१२ च्या सुमारे १८ टक्के.

मेपर्यंत थांबलो असतो तर यातलं काहीच हाती लागलं नसतं.

जंतू तपासायच्या बाटलीतलं पाणी ३६ तासांत काळं पडलं, म्हणजे विष्ठेतले जंतू असण्याची खूण. अपेक्षितच होतं, जंगलाचं पाणी आहे. फ्लशची टाकी, तिचा पाइप आणि तोट्या हिरव्या रंगवल्या. पालिकेच्या टाकीशी कुठेही जोड नाही हे रंगीत पाणी सोडून दोनदा तपासलं. 'अडीअडचणीला असू दे' म्हणून एक आडवा व्हॉल्व्ह ठेवा अशी सूचना आली होती. नाकारली. असा व्हॉल्व्ह एक दिवस कुणीतरी उघडतंच.

११ जानेवारी

छोटी फेरी. ओढ्यात आता मिनिटाला ४६ लिटर, निम्मे घेतले. ३५ तासांत ४८ घनमीटर आत. तीन दिवस थांबून तेवढेच उपसले. डिसेंबरचा परिणाम उरलाय म्हणून मूळ पाणी ५४० ऐवजी ५२० धरलं. उपशाची सरासरी वाहकता २६८. परत मिळालं ६१ टक्के.

तेच बोअर, तेच पाणी. फरक फक्त थांबण्याच्या दिवसांचा: तीन दिवसांत ६१, पाच आठवड्यांत १८. डिसेंबरची फेरी मोठी होती, ते पाणी लांबवर पसरलं होतं, म्हणून दोन्ही आकडे काटेकोर तुलनेचे नव्हेत. दिशा मात्र स्पष्ट आहे.

१८ जानेवारी

पुढच्या हंगामाची रचना बदलली:

पाणी साठवून ठेवायचं नाही, फिरवायचं. सप्टेंबर अखेरपासून रोज १६ घनमीटर उपसा लगेच सुरू, म्हणजे आत जागा होत राहील. त्याच दिवशी रात्री ओढ्याचं पाणी आत. ओढा चालेल तोवर, साधारण जानेवारी अखेरपर्यंत, ही फेरी चालू. त्या चार महिन्यांत पालिकेचं पाणी फ्लशला वापरायचं नाही. तलावातलं तेवढं पाणी तलावातच राहील. उन्हाळ्यासाठी साठा तिथेच करणं शहाणपणाचं, तिथला खड्डा गळत नाही.

दुसरं, संरक्षक भिंतीच्या भोकांखाली पन्हाळ लावून ती धार मोजायची. जुलैत तिथून किती जातं हे अंदाजाने लिहिलंय, मोजून नाही.

२ फेब्रुवारी

ओढा आटला. ओढ्याच्या तळातल्या ग्रहण पाइपच्या दोन्ही टोकांना झाकणं. हौदातला गाळ काढला, १४ घमेली. वाळू वरून २० सेंमी काढून धुऊन वाळत घातली, पोत्यांत भरून शेडमध्ये ठेवली. सबमर्सिबल वर काढला. त्याच्या जाळीवर लालसर चिकट थर, लोखंडाचा. ओढ्याच्या पाण्यातला प्राणवायू खडकातल्या पाण्यातल्या लोहाला भेटला की हा बसतो. लिंबाच्या फुलाच्या पाण्यात रात्रभर बुडवला, सकाळी ब्रशने निघाला. बोअरच्या आत भिंतींवरही असणार. सप्टेंबरात सुरू करण्याआधी १९ मेची ओतचाचणी पुन्हा घ्यायची, मीटरमागे ४ च्या खाली आलं तर आधी बोअर धुवायचं.